लव्हलेस आवडला, त्याचं काय करायचं?

ऑक्टोबर १७४८. लंडनमधल्या एका छापखान्याच्या मालकाला अनोळखी बाईंचं पत्र येतं. खाली सही 'बेलफोर', आणि हे नाव खोटं आहे. मजकूर थोडक्यात असा : तुमच्या कादंबरीचे चार भाग वाचले. उरलेल्या भागांत नायिका मरणार अशी कुणकुण लागली आहे. खरं असेल तर बदला. नाही बदललंत तर जगातल्या तमाम तरुण, सुंदर आणि सद्गुणी माणसांचा द्वेष तुमच्या वाट्याला येवो, आणि म्हातारपण व कुरूपता यांखेरीज काही तुमच्या दृष्टीस न पडो! उत्तर द्यायचं असेल तर 'व्हाइटहॉल इव्हनिंग पोस्ट' या वर्तमानपत्रात छापा, मी तिथे वाचीन.

शिव्याशाप खाणारा छापखानेवाला म्हणजे सॅम्युअल रिचर्डसन. कादंबरी 'क्लॅरिसा'. बेलफोर म्हणजे लँकाशरमधल्या लेडी डोरोथी ब्रॅडशॉ, पण हे रिचर्डसनला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर दोघांमध्ये लांबच लांब पत्रं गेली-आली होती आणि दोघांचं कडाक्याचं भांडणही सुरू झालं होतं.

या भांडणात मला रस आहे तो एका कारणासाठी. कादंबरी अजून पुरी छापून झालेली नाही, वाचक लेखकाला सांगतायत की हे बदल, ते काढ, आणि लेखक प्रत्येकाला सविस्तर उत्तर देतोय. काय बदलायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही शेवटी पुस्तक बदलतंच. फक्त कुणीच न सांगितलेल्या ठिकाणी बदलतं. तो बदल मला पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आधी गोष्ट. क्लॅरिसा हार्लो अठरा वर्षांची, खात्यापित्या घरातली धाकटी मुलगी. आजोबांनी मृत्युपत्रात मोठी इस्टेट मुलग्यांना आणि थोरल्या नातवाला डावलून तिच्या नावावर केली आहे. इथेच घराचं बिनसतं. भाऊ जेम्सला सगळ्या जमिनी एका हाताखाली आणून घराण्याचं नाव मोठं करायचंय, आणि बहिणीच्या नावावर गेलेला तुकडा त्याच्या डोळ्यांत सलतो. क्लॅरिसा शांततेखातर इस्टेटीचा कारभार वडिलांच्या हाती सोपवून टाकते. तेवढ्याने भागत नाही. घरचे तिच्यासाठी सोम्स नावाचं स्थळ आणतात. पैसेवाला, कंजूष, दिसायला ओंगळ, आणि जमिनीच्या व्यवहारात घराला सोयीचा.

आमच्या शहापूर-मुरबाड पट्ट्यात वाढलेल्या कुणालाही हे वाचताना तळटीप लागत नाही. समृद्धी महामार्ग तालुक्यातून गेला, जमिनींना भाव आला, आणि 'हक्कसोडपत्र' हा शब्द शाळकरी पोरांच्या तोंडीही आला. बहीण सही करते. जमिनीचा मोह नाही म्हणून नव्हे, माहेर तुटू नये म्हणून. क्लॅरिसाने वडिलांकडे कारभार सोपवला तो याच हिशेबाने, आणि तिचा हिशेबही चुकला. कागद मिळाल्यावर माणसं नरम पडत नाहीत. त्यांना पुढचा कागद हवा असतो.

सोम्सला ती नाही म्हणते. तिला खोलीत कोंडतात, पत्रव्यवहार बंद पाडतात. बाहेर लव्हलेस उभा आहे. देखणा, हजरजबाबी, उमराव घराण्यातला, आणि बायकांना फसवणं हा ज्याचा खेळ आहे असा. तो तिला सोडवण्याचं आमिष दाखवून, खोटा गोंधळ माजवून घराबाहेर काढतो, लंडनला एका घरात ठेवतो (ते कुंटणखाना आहे हे तिला उशिरा कळतं) आणि महिन्यांच्या कारस्थानांनंतर तिला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. त्यानंतर सगळे, अगदी तिची जिवलग मैत्रीण ॲना हाऊसुद्धा, तिला सुचवतात की आता त्याच्याशीच लग्न कर. ती नकार देते. शेवटी ती मरते, आणि लव्हलेस तिच्या नातलगाच्या हातून द्वंद्वयुद्धात मारला जातो.

हे सगळं पत्रांतून येतं. पहिल्या आवृत्तीत पाचशे सदतीस पत्रं, साधारण साडेनऊ लाख शब्द. निवेदक नाही. क्लॅरिसा ॲनाला लिहिते, लव्हलेस त्याचा मित्र बेलफर्डला लिहितो, आणि आपण दोघांच्याही पाठीमागे उभं राहून वाचत राहतो. इतक्या अवाढव्य पुस्तकात मुख्य घटना, तो बलात्कार, लव्हलेसच्या एका चिमुकल्या पत्रात दोन-तीन वाक्यांत येऊन जाते. नंतर क्लॅरिसा भ्रमिष्ट अवस्थेत कागदाचे कपटे लिहिते. त्यातल्या एका कपट्यावर ओळी तिरप्या, वेड्यावाकड्या छापल्या आहेत. लेखक स्वतःच मुद्रक असल्याचा हा फायदा! आमच्या भाषेत सांगायचं तर माणूस फुल-स्टॅक होता. लिहायचा, जुळवायचा, छापायचा आणि विकायचाही.

असा माणूस इतरांना हस्तलिखित का दाखवत सुटला, हा प्रश्न पडतोच. रिचर्डसन जन्मला १६८९ मध्ये, सुताराच्या घरी. कॉलेज नाही, लॅटिन-ग्रीक नाही. सतराव्या वर्षी छापखान्यात उमेदवारीला लागला. त्याहून लहान असताना गावातल्या मुली आपली प्रेमपत्रं त्याच्याकडून लिहून घ्यायच्या, असं त्यानेच पुढे आपल्या डच अनुवादकाला कळवलंय. पन्नाशीत पहिली कादंबरी, १७४० ची 'पामेला'. ती तुफान चालली, आणि शिकल्यासवरल्या लोकांनी तिची तुफान टरही उडवली. हेन्री फील्डिंगने १७४१ मध्ये 'शॅमेला' नावाचं विडंबनच लिहून टाकलं. म्हणजे यश आलं, पण इभ्रत नाही. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी रिचर्डसनला शिकलेल्या माणसांचं शिक्कामोर्तब हवं होतं. त्याला एक धास्तीही होती : पुस्तक फार लांबलंय.

म्हणून त्याने कवी-नाटककार मित्र एरन हिल याला सांगितलं, बाबा रे, काप. हिल आधी नुसतं कौतुक करत राहिला. एकही ओळ काढता येणार नाही म्हणाला. नोकरीत रिव्ह्यू करणारे असे लोक तुम्हाला भेटले असतील, न उघडताच 'छान आहे' लिहून मोकळे होणारे. रिचर्डसनने फार मागे लागल्यावर मात्र हिलने सुरुवातीची काही पत्रं स्वतःच्या शैलीत आखडून लिहून पाठवली, आणि रिचर्डसन हबकला. लांबी कमी झाली होती, पण त्याबरोबर क्लॅरिसाही गेली होती. तिचं अडखळणं, एकाच गोष्टीकडे तीनदा परत येणं, आईच्या एका वाक्याचा अर्थ पानभर लावत बसणं हे सगळं हिलला फापटपसारा वाटलं होतं. शिवाय हिलच्या डोक्यात क्लॅरिसा ही प्रेमात पडून पळून गेलेली मुलगी होती. रिचर्डसनने १७४६-४७ च्या पत्रांत त्याला पुन्हा पुन्हा समजावलंय की ती पळून जात नाही, तिला फसवून नेलं जातं. हा फरक सुटला तर कादंबरीच सुटली.

तरी हिलवर मी फार खार खाणार नाही. त्याने एक मोलाची गोष्ट नकळत केली. लेखकाच्या अगदी जवळचा, हुशार, सहानुभूती असलेला माणूससुद्धा मुलगी घराबाहेर पडली म्हटल्यावर 'प्रेमात पडली असणार' असंच वाचतो, हे त्याने दाखवून दिलं. हा गैरसमज एकट्या हिलचा नव्हता, हे रिचर्डसनला पुढच्या चार वर्षांत कळणार होतं.

बाकीचे सल्लागार म्हणजे जत्रा होती. वयोवृद्ध नट आणि राजकवी कॉली सिबर याला क्लॅरिसाच्या नशिबात काय आहे ते कळलं, तेव्हा त्याने थयथयाट केला. लेटिशिया पिल्किंग्टनने १७४५ च्या एका पत्रात त्याचं वर्णन रिचर्डसनला कळवलंय. म्हणजे छापायच्या दोन वर्षं आधीच शेवट फुटला होता. स्पॉयलर ही काही आपल्या पिढीची तक्रार नव्हे. कवी एडवर्ड यंग तेवढा शांतपणे ऐकून घेणारा निघाला. १७४७ च्या नोव्हेंबरात, पहिले भाग बाहेर पडायच्या तोंडावर, रिचर्डसनने यंगला वैतागून लिहिलं की मी उगाच इतक्या लोकांना विचारत बसलो, तुमच्याखेरीज कुणाला विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आणि मग काय केलं? आणखी लोकांना विचारलं. या स्वभावाची माणसं असतात.

पहिले दोन भाग डिसेंबर १७४७ मध्ये आले, पुढचे दोन एप्रिल १७४८ मध्ये, शेवटचे तीन डिसेंबर १७४८ मध्ये. मधले सात-आठ महिने वाचक टांगणीला. आपल्याकडे याच्या जवळचा अनुभव दीडशे-एक वर्षांनी हरिभाऊ आपट्यांच्या वाचकांना आला. 'पण लक्षात कोण घेतो' हप्त्याहप्त्याने 'करमणूक' साप्ताहिकातून येत होती आणि यमूचं पुढे काय होणार याची पुण्या-मुंबईच्या घरांत वाट पाहिली जात होती. पण 'क्लॅरिसा'च्या या मधल्या काळातली पत्रं जपून राहिली आहेत. वाचकाला काय हवं होतं, कोणत्या शब्दांत हवं होतं आणि लेखकाने काय उत्तर दिलं, हे तारीखवार वाचता येतं.

(रिचर्डसन वारला ४ जुलै १७६१ ला. नानासाहेब पेशवे त्याच्या अकरा दिवस आधी, २३ जूनला. त्या काळात पत्रं इकडेही ढिगांनी लिहिली जात होती. पेशवे दफ्तराचे रुमाल त्यांनीच भरलेत. मात्र ती रसद, वसुली, लष्कर आणि वकिलांच्या बातम्यांची. एखाद्या मनाने रचलेल्या मुलीचं काय व्हावं यावर दोन माणसं वर्षानुवर्षं भांडतायत, हे मला त्या शतकाचं वेगळंच टोक वाटतं.)

आता बाईंकडे येऊ. लेडी ब्रॅडशॉंचा तोडगा साधा होता. लव्हलेसला मरणाच्या दारात नेऊन आणा, त्याला पश्चात्ताप होऊ द्या, मग क्लॅरिसाने त्याला माफ करावं आणि लग्न व्हावं. बलात्कारानंतरही. बाई काही निर्दयी नव्हत्या. उलट क्लॅरिसासाठी त्या ढसाढसा रडल्या होत्या. पण त्यांना दिसणारा सुखाचा एकमेव रस्ता लग्नातून जात होता.

हा तोडगा आपल्याला परका आहे का? 'लग्न झालं की सुधारतो' हे वाक्य आपण किती घरांत ऐकलंय. आणि गुन्हा घडल्यावर 'त्याच्याशीच लावून द्या' ही तडजोड गावकीत, पोलीस ठाण्याच्या ओसरीवर, कधी त्याहून वरच्या जागीही आजही सुचवली जाते, आणि सुचवणारा स्वतःला मुलीचा हितचिंतक समजत असतो. रिचर्डसनने बाईंना दिलेलं उत्तर म्हणून मला महत्त्वाचं वाटतं. त्याने धर्माचा आधार घेतला (क्लॅरिसाचं बक्षीस परलोकात आहे वगैरे), तो भाग आज वाचताना जरा जड जातो. पण त्याच्या उत्तराचा दुसरा धागा फार व्यवहारी आहे. असा माणूस शेवटी सुधारून, तीच मुलगी मिळवून सुखी होतो असं मी दाखवलं, तर प्रत्येक उडाणटप्पू म्हणेल, हवं ते करून घेऊ, शेवटी पश्चात्ताप करू. सुधारलेला बदफैली सर्वांत चांगला नवरा होतो, या समजुतीलाच त्याला हात घालायचा होता.

यात एक गोम आहे. ती समजूत पसरवण्यात त्याचा स्वतःचा वाटा होता. 'पामेला'त काय होतं? मोलकरणीच्या मागे लागणारा, तिला डांबून ठेवणारा मालक शेवटी तिच्या सद्गुणांनी विरघळतो आणि तिच्याशी लग्न करतो. लेडी ब्रॅडशॉ मागत होत्या तो शेवट रिचर्डसनने आठ वर्षांपूर्वी स्वतःच विकला होता. 'क्लॅरिसा' ही मला 'पामेला'ची सर्वांत मोठी दुरुस्ती वाटते. शब्दांची नव्हे, निकालाची. क्लॅरिसा लग्नाला नाही म्हणते तेव्हा ती लव्हलेसला नाही म्हणतेच, शिवाय स्वतःच्या लेखकाच्या पहिल्या पुस्तकालाही नाही म्हणते. बाईंना लिहिलेल्या उत्तरांत रिचर्डसन एवढा हट्टाला पेटलेला दिसतो, त्याचं एक कारण हे असावं असं मी समजतो. तो स्वतःशी भांडतोय.

'सैराट' २०१६ मध्ये आला तेव्हा थिएटरमधून सुन्न होऊन बाहेर पडलेली, 'असं नको होतं करायला' म्हणणारी माणसं आठवा. दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' झाला आणि शेवट बदलला. तिथे नायिका जिवंत राहते. लेडी ब्रॅडशॉंच्या बहिणीने, लेडी एलिझाबेथ एक्लिनने, अगदी हेच केलं. स्वतः बसून 'क्लॅरिसा'चा वेगळा शेवट लिहिला. त्यात बलात्कार होतच नाही. क्लॅरिसा तरीही मरते, पण लव्हलेस सुधारून मरतो. तिने तो रिचर्डसनला वाचायला दिला आणि त्याने त्यावर अभिप्रायही दिला. हा शेवट छापून आला थेट १९८२ मध्ये. फॅन-फिक्शन लिहून मूळ लेखकाकडून रिव्ह्यू करून घेण्याचं भाग्य आज कुणाला मिळतं? पण एक्लिनबाईंनी काय वगळलं ते पाहा. मरण त्यांना चाललं. चालला नाही तो गुन्हा. गुन्हा काढून टाकला की मरण नुसतं करुण उरतं, त्यात कुणाचा दोष राहत नाही.

इथवर रिचर्डसन माझ्या लेखी बरोबर आहे. डिसेंबरात शेवटचे भाग आले, क्लॅरिसा मेली, बाईंनी रडत रडत ते वाचले. फील्डिंगसारख्या जुन्या टवाळखोरानेही पाचवा भाग वाचून मनापासून दाद देणारं पत्र पाठवलं होतं. शेवटावरची लढाई लेखक जिंकला.

पण पत्रांत दुसरीही एक गोष्ट येत होती, आणि तिने तो जास्त हादरला. लेडी ब्रॅडशॉंनी कबूल केलं होतं की काय करू, मला लव्हलेस आवडतो. अशा त्या एकट्या नव्हत्या. लोक त्याच्या विनोदांवर हसत होते, त्याच्या युक्त्यांना दाद देत होते, आणि वर क्लॅरिसालाच नावं ठेवत होते : फार ताठ, फार सोवळी, वेळेवर हो म्हणाली असती तर निभावलं असतं.

सॉफ्टवेअरमध्ये आमचा एक नियम असतो. एखाद्या युजरने चुकीचं बटण दाबलं तर तो युजर चुकला. शंभरांनी दाबलं तर डिझाइन चुकलं. रिचर्डसनने हाच निष्कर्ष काढला, आणि आम्ही करतो तेच केलं. टूलटिप लावल्या. १७४९ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने पत्रांची सारांशवजा अनुक्रमणिका जोडली. कोणत्या पत्रात काय आहे, आणि ओघाने ते कसं वाचावं, हेही त्यात आलं. तळटीपा वाढत गेल्या. त्या तळटीपांतला 'संपादक' अधूनमधून वाचकाचा कान पकडतो : क्लॅरिसाला दोष देणाऱ्यांनी अमुक पत्र नीट वाचलेलं दिसत नाही, लव्हलेसचा हा डाव आधीच ठरलेला होता हे ध्यानात घ्यावं.

मग १७५१ ची तिसरी आवृत्ती. आठ भाग, पुष्कळ नवा मजकूर. हा मजकूर मूळ हस्तलिखितातून 'पुन्हा समाविष्ट' केला आहे, असं तिथे सांगितलंय. त्या ओळींच्या कडेला समासात ठिपके छापले आहेत, म्हणजे भर कुठे पडली ते डोळ्यांना दिसावं. ज्यांनी पहिली आवृत्ती विकत घेतली होती त्यांच्यासाठी एवढाच मजकूर वेगळा छापूनही विकला. मी रोज स्क्रीनवर हिरव्या पट्ट्यांत जे बघतो ते १७५१ सालच्या कागदावर बघून मला फार आनंद झाला होता. तो आनंद किंचित उतरला १९५९ च्या एका लेखामुळे. मार्क किंकेड-वीक्स या अभ्यासकाने त्यात दाखवलं की या 'जुन्या' मजकुरातला पुष्कळसा भाग लोकांच्या तक्रारींना दिलेलं उत्तर वाटतो, म्हणजे तो बहुधा मागाहून लिहिलेला आहे. 'क्लॅरिसा'चं हस्तलिखित आज अस्तित्वात नाही, त्यामुळे ओळ-ओळ ताडून पाहता येत नाही. पण भर टाकलेल्या जागा वाचल्या की मला त्याचं म्हणणं पटतं. जिथे जिथे वाचक लव्हलेसकडे झुकले, तिथे तिथे नेमका मजकूर 'सापडला' आहे. चेंजलॉगमध्ये 'जुनं परत आणलं' लिहून नवं घुसवणारा हा काही पहिला नसेल आणि शेवटचा तर नक्कीच नाही.

यातली सर्वांत गाजलेली भर म्हणजे लव्हलेसचा एक मनोराज्यासारखा बेत. ॲना हाऊ, तिची आई आणि मोलकरीण यांना आइल ऑफ वाइटला जाणाऱ्या जहाजावर गाठायचं आणि आपण मित्रांनी मिळून तिघींवर अत्याचार करायचा. मग खटला उभा राहिला तर काय मजा येईल, याचं तो वर्णन करतो. कोर्टात आपण किती रुबाबदार दिसू, बघायला जमलेल्या बायका कशा आपल्यावरच लुब्ध होतील.

रिचर्डसनने हे टाकलं ते लव्हलेस काळाकुट्ट दिसावा म्हणून. आणि झालं काय? पुस्तकातला सर्वांत चटपटीत, सर्वांत नाट्यमय उतारा त्याच्याच तोंडी पडला. शिवाय लव्हलेस त्यात जे भाकीत करतो, की बायका मला बघून पाघळतील, ते लेडी ब्रॅडशॉंच्या पत्राने आधीच खरं करून ठेवलेलं! लेखकाने वाचकांना दटावायला नवा मजकूर लिहिला आणि त्यात, कळत किंवा न कळत, त्याच वाचकांचं चित्र काढलं.

आता माझं म्हणणं. लव्हलेस आवडणं हा दोष नव्हता. पहिल्या आवृत्तीचं यंत्र त्याच्यावरच चालतं. क्लॅरिसा मूर्ख नाही. ती तारीख लक्षात ठेवते, वाक्यांतली विसंगती पकडते, तरी ती फसते. का फसते हे वाचकाला कसं कळणार? तो स्वतः थोडा फसला तरच. लव्हलेसची पत्रं वाचताना आपण हसतो, 'बघू या आता काय करतो' म्हणून पान उलटतो, आणि मग ते चिमुकलं पत्र येतं. त्या क्षणी आपण कुणाच्या बाजूला बसून हसत होतो हे कळतं. त्याआधीच तळटीप येऊन 'सावधान, हा वाईट आहे' म्हणाली, तर आपण वाचतो, मान डोलावतो आणि सुटतो. टूलटिप वाचकाला वाचवते, आणि क्लॅरिसाला मात्र एकटं पाडते.

याला एक गंभीर उत्तर आहे आणि मी ते टाळणार नाही. 'कबीर सिंग'सारखा सिनेमा येतो, आणि हिरोने परवानगीशिवाय मुलीचं चुंबन घेतल्यावर थिएटरात शिट्ट्या पडतात. तेव्हा 'प्रेक्षकाला फसू द्या, त्यातच कलेचं काम आहे' हे म्हणणं फार गुळगुळीत वाटतं. काही लोक फसतात आणि फसलेलेच राहतात. रिचर्डसनला हीच भीती होती आणि ती खोटी नव्हती. पण फरक असा की कबीर सिंगला मुलगी मिळते. सिनेमाचा निकाल शिट्टीच्या बाजूने लागतो. 'क्लॅरिसा'चा निकाल लेखकाने अडवून धरला होता, अख्ख्या इंग्लंडने सांगूनही बदलला नव्हता. तो निकाल एवढा भक्कम असताना तळटीपांची गरज नव्हती. शेवटाबद्दल ज्याने वाचकाचं ऐकलं नाही त्यानेच मधल्या पानांवर वाचकाची इतकी धास्ती घ्यावी, हे मला खटकतं. दोन्ही गोष्टी एकाच पत्रव्यवहारातून आल्या, एकाच माणसाकडून.

म्हणून वाचायचीच असेल तर पहिल्या आवृत्तीवर आधारलेली प्रत शोधा. १९८५ ची पेंग्विनची प्रत तशी आहे. दीड हजार पानांची वीट आहे, लोकलमध्ये एका हाताने धरता येत नाही. मी ती घरी वाचली. पत्रव्यवहार मात्र फोनवर, खर्डी ते ठाणे, जाताना आणि येताना, दीडेक तासाच्या तुकड्यांत. त्याला ते माप बरोबर बसतं. ॲना लेटिशिया बारबॉल्डने १८०४ मध्ये सहा भागांत ही पत्रं संपादित करून छापली. ती जुनी असल्याने फुकट वाचायला मिळतात. तिनेही भरपूर कात्री चालवली आहे, हे ध्यानात ठेवून वाचावं. मूळ कागदांचा मोठा साठा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे.

त्या पत्रांमध्ये मला सर्वांत जास्त आवडलेला माणूस मात्र लेडी ब्रॅडशॉ नव्हे, हेस्टर मल्सो. वय तेवीस. १७५० च्या शेवटी आणि १७५१ च्या सुरुवातीला तिने रिचर्डसनशी एकाच प्रश्नावर वाद घातला : लग्नाच्या बाबतीत मुलीने आईबापांचं किती ऐकावं? रिचर्डसनचं म्हणणं, बापाने जबरदस्ती करू नये, पण मुलीनेही त्याच्या संमतीशिवाय लग्न करू नये. मल्सो तत्त्वज्ञ लॉकचा दाखला देऊन विचारते की आज्ञापालनाला मर्यादा असते की नसते? मूल लहान असतानाचा अधिकार ते मोठं झाल्यावर कशाच्या जोरावर चालू राहतो? ती कादंबरीत एका शब्दाचाही बदल मागत नाही. शेवट बदला म्हणत नाही, लव्हलेस आवडतो म्हणत नाही. ती थेट कादंबरीच्या पायाशी जाते. क्लॅरिसा शेवटपर्यंत बापाच्या शापाच्या ओझ्याखाली वाकलेली राहते, आणि मल्सोचा प्रश्न असा की ते ओझं तिने मुळात घ्यावंच का. रिचर्डसन या मुलीपुढे आदराने वागतो, लांब उत्तरं देतो आणि माझ्या मते हरतो. तळटीप लावून हे भागण्यासारखं नव्हतं.

लेडी ब्रॅडशॉंशी त्याची भेट शेवटी १७५० मध्ये झाली. त्याआधी त्याने पत्रात स्वतःचं वर्णन लिहून पाठवलं होतं (बुटका, अंगाने भरलेला, हातात काठी), म्हणजे पार्कात फिरताना बाईंना तो ओळखता यावा. बाईंनी आधी स्वतः न दिसता त्याला पाहून घेतलं. पुढे त्याचं चित्र घरात लावलं, तेव्हा कादंबरीकाराशी पत्रव्यवहार आहे हे पाहुण्यांना कळू नये म्हणून चित्रातल्या माणसाचं नाव 'डिकन्सन' सांगू लागल्या. फोनमध्ये नंबर दुसऱ्याच नावाने सेव्ह करणाऱ्यांना हे समजेल.

बाईंची 'क्लॅरिसा'ची स्वतःची प्रतही टिकून आहे. समासात त्यांच्या हरकती, शंका, मधूनच क्लॅरिसाची बाजू, मधूनच लव्हलेसची. आणि त्याच समासात, त्यांच्या अक्षरांशेजारी, रिचर्डसनची उत्तरं. पुस्तक छापून झालं होतं, आवृत्त्या निघाल्या होत्या, शेवट कधीच बदलणार नव्हता. तरी बाई लिहीत राहिल्या आणि तो उत्तरं देत राहिला.